दुहेरी राखण

जुन्या पेढ्यांवर व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरायचा, मग खतावणीत. पोस्टग्रेस हा डेटाबेस आजही तेच करतो. बदल आधी लॉगमध्ये जातो, मग सवडीने 8 केबीच्या पानावर. पान लिहिताना वीज गेली आणि ते अर्धे जुने, अर्धे नवे राहिले तर? या धास्तीने प्रत्येक चेकपॉइंटनंतर पान पहिल्यांदा बदलले की ते अख्खे लॉगमध्ये उतरवले जाते. मायएसक्यूएलमधले इनोडीबी त्याच धास्तीपायी पान दोनदा लिहिते. खाली झेडएफएस किंवा बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम असेल, तर जुन्या मजकुराला हात न लावता नव्या जागी लिहायचे, हा कॉपी-ऑन-राइटचा नेम तिथेही पाळला जातो. एकाच संकटावर दोन राखणदार बसतात, आणि डेटाबेस मंदावण्याचे मोठे कारण मला हेच दिसते. कोणती राखण कोणाकडे सोपवायची, हे आधी ठरवायला हवे.

बीटीआरएफएसवर सरसकट मिळणारा सल्ला म्हणजे डेटाबेसच्या फोल्डरवर ‘चॅटर +सी’ ही आज्ञा लावून कॉपी-ऑन-राइटचा नेमच बंद करणे. वेग वाढतो, हे खरे. पण त्याबरोबर चेकसम जातो, कॉम्प्रेशन जाते. शिवाय स्नॅपशॉट घेतला की प्रत्येक ब्लॉकच्या पुढच्या पहिल्या बदलाला नवी जागा लागतेच. यावर कोणी म्हणेल की डेटाबेसकडे स्वतःचा चेकसम आहे. आहेच, पोस्टग्रेस 18 पासून तो नव्या डेटाबेसला आपोआप चालूही असतो. मात्र पान बिघडले एवढेच तो सांगतो. दोन डिस्कवर दोन प्रती असतील, तर दुसरी प्रत मागवून दुरुस्ती करणे फक्त फाइल सिस्टिमला जमते, आणि तेही तिचा चेकसम शाबूत असेल तरच. नाहीतर दोन प्रती वेगळ्या निघाल्यावर खरी कोणती, हे फाइल सिस्टिमला सांगता येत नाही.

झेडएफएसवर वाटणी चांगली जमते. तिथे रेकॉर्डचे माप मुळात 128 केबी असते. 8 केबीचे पान बदलायला सोळापट मजकूर लिहावा लागतो, आणि रेकॉर्ड मेमरीत नसेल तर आधी वाचावाही लागतो. माप 16 केबी केले की हा भार बराच उतरतो. 8 केबी का नको? कॉम्प्रेशनला वाव राहत नाही आणि नोंदींचा पसारा वाढतो. रेकॉर्ड पूर्ण लिहिला जातो किंवा लिहिलाच जात नाही, त्यामुळे लॉगमधली अख्ख्या पानांची नक्कल निर्धास्त बंद करता येते. पोस्टग्रेस 12 ने 2019 मध्ये जुन्या लॉग फाइली पुन्हा न वापरण्याची सोय दिली, ती अशाच फाइल सिस्टिमसाठी. विखुरलेल्या पानांमुळे सलग वाचन मंदावते, हा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. फिरत्या डिस्कवर हा मंदपणा चांगलाच जाणवतो.

बीटीआरएफएसला रेकॉर्डच्या मापाची अशी कळ नाही. तिथे सतत लिहिता डेटाबेस ठेवण्यापेक्षा त्याला एक्सएफएसचे वेगळे विभाजन द्यावे, असे माझे मत आहे. झेडएफएस वापरणार असाल, तर माप डेटा भरण्याआधी ठरवा. नंतर बदलले तरी लिहून झालेल्या फाइली जुन्याच मापात राहतात.