हिवरेबाजार : अनुदान आणि निग्रह

प्रवासास निघावयाचे म्हटले की तीर्थक्षेत्र, किल्ला अथवा थंड हवेचे ठिकाण एवढेच आपणांस सुचते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरेबाजार यांपैकी काहीच नव्हे. तथापि तेथील डोंगरउतार हिंडून पाहिल्यावर, असे गावही मुलाबाळांसह पाहण्याजोगे असते, असे आमचे मत झाले.

सह्याद्री पश्चिमेचा पाऊस अडवून धरतो. त्यामुळे या भागाच्या वाट्यास वर्षाकाठी सुमारे ४०० मिलिमीटरच पाऊस येतो. हे गाव एके काळी पहिलवानांचे म्हणून प्रसिद्ध होते. १९७२ च्या दुष्काळानंतर मात्र डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, दारू व भांडणे माजली आणि कुटुंबेच्या कुटुंबे पोटासाठी परगावी गेली. १९८९ साली पोपटराव पवार हे सुशिक्षित तरुण सरपंच झाले आणि १९९४ साली गाव शासनाच्या आदर्श गाव योजनेत आले.

योजनेचा पैसा गावास मिळाला खरा, परंतु अटींसह. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि नसबंदी ही पाच बंधने गावाने आधी स्वतःवर घालून घ्यावयाची होती. या अटींचे मर्म डोंगरावर उभे राहिले म्हणजे कळते. उतारावर समपातळीत खणलेल्या चरांत पावसाचे पाणी थबकते, जमिनीत मुरते आणि खाली विहिरींस पाझरते. पण त्याच उतारावर गुरे मोकाट सोडली तर गवत नाहीसे होते, माती वाहून येते आणि चर बुजतात. चर खणण्यास अनुदान पुरते; ते राखण्यास मात्र सगळ्या गावाचा निग्रह लागतो. हा त्याग सर्वांस सारखा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. ज्याची सारी मत्ता चार शेळ्या, त्यास चराईबंदी सर्वांत जड गेली असणार.

पाणी आल्यावर तर कसोटी अधिकच कठीण झाली. विहिरी भरताच ऊस लावण्याचा मोह कोणास होणार नाही? गावाने ऊस व केळी वर्ज्य केली, शेतीसाठी कूपनलिका खोदण्यास बंदी घातली आणि पडलेला पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत घातली. माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी प्रथम बाजूस काढावयाचे. उरेल त्यावर पिके ठरवावयाची. पाऊस उणा, तर पीकही उणे. परगावी गेलेली अनेक कुटुंबे पुढे परत आली, ती याच शिस्तीमुळे.

सरकारी अनुदानास आम्ही विरजणाची उपमा देऊ. विरजण चमचाभरच लागते, आणि ते शेजारून मागून आणण्यातही कमीपणा नाही; दूध मात्र आपल्याच घरचे असावे लागते. दाराशी कूपनलिका आहे म्हणून पाणी अमर्याद आहे, असे समजणाऱ्या आम्हां शहरवासीयांच्या घरी असा ताळेबंद कधी मांडला जाईल?