घूं करणारं चाक

ताशी साठच्या पुढे घूं... असा आवाज सुरू झाला की गाडीवाला आधी टायरवर संशय घेतो. संशय अगदीच चुकीचा नसतो. पण रस्ता बदलला की टायरचा आवाज बदलतो. डांबरी असो की काँक्रीट, चाकाच्या खराब बेअरिंगचा सूर मात्र वेगाबरोबरच चढतो.

खंबाटकी घाटाच्या वळणांवर बरंच कळतं. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला, तर बहुधा डावं बेअरिंग गेलेलं.

मुरलेला मिस्त्री तेवढ्यावर थांबत नाही. गाडी घोडीवर घेऊन तो चाक वर-खाली धरून हलवतो, खेळ आहे का बघतो. मग एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवतो. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून थेट बोटांना लागते. कानापेक्षा हा पुरावा भरवशाचा.

बेअरिंग बदलायचं ठरलं की खरी कसोटी प्रेसवर. नकलमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या घरात, ते बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यायचा. आतल्या कड्यावर दिला तर तो गोळ्यांमधून जातो, त्यांच्या धावेवर बारीक खड्डे पडतात आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणू लागतं. हातोड्याने ठोकणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं!

एबीएसच्या गाडीत आणखी एक मेख: बऱ्याच बेअरिंगांच्या एका बाजूला चुंबकीय सील असतं. ती बाजू सेन्सरकडेच हवी. उलटी बसली तर डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं, तेही नवं बेअरिंग आणून.