तांड्यातील लेक शहरात

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे गाव आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे असल्याने बंजारा समाज या स्थानास आपली काशी मानतो. रामनवमीच्या यात्रेस दूरदूरच्या तांड्यांतून माणसे येतात. नंगारा घुमू लागला, की स्त्रिया फेर धरतात. घेरदार फेटिया, आरसे व कवड्या जडवलेली काचळी आणि हातभर बलिया असा त्यांचा वेष असतो. तांड्यातील मुलगी हे नृत्य कोणत्या शाळेत शिकत नाही. आजीच्या पावलांकडे पाहता पाहता तिची पावले पडू लागतात.

एकेकाळी बंजारे बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून देशभर हिंडत. आगगाडी आली आणि तो व्यापार बुडाला. तांडे स्थिरावले; पण गाणी राहिली, वेष राहिला.

आज तांड्यातील मुली शिक्षणासाठी अकोला, नागपूर, पुणे अशा शहरांत जातात. तेथे रस्त्यावरची गर्दी, उंच इमारती आणि अनोळखी चेहरे यांना अशी मुलगी लवकरच सरावते. गणवेष घालते, शुद्ध मराठी बोलते. गोरमाटी बोली मात्र ती घरी फोन करतानाच, हळू आवाजात बोलते. स्नेहसंमेलन आले, की सर्वांना तिच्या नृत्याची आठवण होते. पेटीतला फेटिया बाहेर निघतो, मंचावर आरसे लखलखतात, टाळ्यांचा कडकडाट होतो. पुढे कधी आजी तिला भेटण्यास येते. अंगावर तोच वेष असतो. पण बसथांब्यावरचे लोक वळून पाहतात व कुजबुजतात. टाळ्या मिळवणारा वेष एका रात्रीत परका कसा झाला, हे मुलीला उमगत नाही.

दूर जपानातील क्योतो नगरात ‘माइको’ म्हणजे शिकाऊ तरुण नर्तकी असतात. केशरचना मोडू नये म्हणून त्या उंच उशीवर मान टेकून निजतात. भरजरी किमोनो नेसून त्या रस्त्याने निघाल्या, की प्रवासी छायाचित्रांसाठी त्यांच्या मागे धावतात. अखेर २०१९ साली गिओन भागातील खाजगी गल्ल्यांत छायाचित्रे घेण्यास बंदी करावी लागली. तेथे अतिकुतूहल, येथे कुजबुज. दोन्हीकडे लोक वेष पाहतात, माणूस पाहत नाहीत.

पोहरादेवी येथे २०२४ साली बंजारा वारशाचे संग्रहालय उभे राहिले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु काचेआड ठेवलेला फेटिया फेर धरीत नाही. तो फेर धरणारी मुलगी शहरातही निःसंकोच वावरली पाहिजे. आजीचा हात धरून बसथांब्यावर उभी असताना तिने गोरमाटीत मोकळेपणाने बोलावे आणि शेजारच्याने कौतुकाने विचारावे, “ही कोणती भाषा? आम्हांलाही शिकवाल का?” एवढे झाले, तरी मंचावरच्या त्या टाळ्या खऱ्या ठरतील.