आजीचा नीलम

आमचं घर हैदराबादला, काचीगुड्यात. आजीच्या डब्यात दोन अंगठ्या. माहेरची माणकाची ती रोज घालायची, नीलमाची कधीच नाही. आजोबांनी हौसेनं आणलेला तो नीलम तिनं बोटात घातला आणि महिन्याभरात आजोबा गेले. "मीच घातला ना गं तो," एवढंच म्हणायची.

पुढं उस्मानियात भूशास्त्र शिकताना कळलं, माणिक आणि नीलम एकच खनिज: कुरुंद, धार लावायच्या चाकात असतो तोच. रसायन म्हणाल तर अल्युमिनियम ऑक्साइड. शुद्ध असेल तर बिनरंगाचा. किंचित क्रोमियम मिसळलं की लाल माणिक. लोह आणि टायटॅनियम मिसळलं की निळा नीलम. आणि तेच क्रोमियम बेरिल या खनिजात गेलं की हिरवा पाचू!

घरी येऊन आजीला सगळं सांगितलं. दोन्ही अंगठ्या तळहातावर घेऊन ती बराच वेळ बघत बसली. "म्हणजे सख्खी भावंडंच की गं ही. एकाला मिरवलं, दुसऱ्याला कोंडलं मी."

नीलम तिनं घातला नाहीच. पण "मीच घातला" हे परत कधी तिच्या तोंडून ऐकलं नाही.

आता तो माझ्या बोटात आहे. तुमच्याकडे आहे का असा डब्यात कोंडलेला एखादा खडा? लिहा की.