तुपावरील खटला

मार्गशीर्षातील पहाटे आमच्या गावच्या देवळात एक लहानसा प्रयोग दरवर्षी आपोआप घडून येतो. खोबरेलाची बाटली रात्रीतून पांढरी आणि घट्ट होऊन बसते. भटजी ती पेटत्या समईजवळ धरून उभे राहतात, आणि देवाला दिवा मिळण्यासाठी आधी दिव्याजवळच रदबदली करावी लागते, असे म्हणून हसतात. शेजारच्या बाटलीतील तिळाचे तेल मात्र त्याच थंडीत पातळ असते. दोन्ही तेलेच, दोन्ही एकाच कोनाड्यात ठेवलेली. मग एकाने गोठावे आणि दुसऱ्याने गोठू नये, हे का? पुष्कळ वर्षे आम्हाला हा प्रश्न पडला नाही. पडला तेव्हा त्याचे उत्तर आमच्या घरातील एका खटल्यापर्यंत जाऊन पोचले. त्या खटल्यात फिर्यादी आम्ही होतो, न्यायाधीशही आम्हीच होतो, आणि आरोपी होते ताटातले चमचाभर तूप.

२०१५ च्या हिवाळ्यात बाबांच्या रक्ताची तपासणी झाली. कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले. डॉक्टरांनी रात्री घ्यावयाची एक गोळी लिहून दिली, तळलेले टाळावे असे सांगितले, आणि उठता उठता म्हणाले, "तूप थोडे कमी करा." कायद्याच्या भाषेत एका क्रियाविशेषणावर माणसाची जमीन जाते किंवा राहते, हे आम्ही रोज पाहतो. तरी घरी येईतो त्या वाक्यातील 'थोडे' आमच्या हातून गळाले. दुसऱ्या दिवसापासून बाबांच्या वरणभातावरील तूप बंद झाले. बाबांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकविले होते. वाद घालणे त्यांच्या स्वभावात नव्हते. कोरड्या मुदीकडे पाहून ते एवढेच म्हणाले, "निकाल लागला म्हणायचा. आरोपीचे म्हणणे ऐकून घेतलेस ना?"

आम्ही ते ऐकले नव्हते. २०१९ च्या श्रावणात बाबा गेले. हृदयाने नव्हे, न्यूमोनियाने.

आरोपीचे म्हणणे आमच्यापुढे आले ते २०२१ साली, आणि तेही फी घेऊन. तुपातील भेसळीच्या एका प्रकरणाचे वकीलपत्र आमच्याकडे आले, म्हणून स्निग्ध पदार्थांच्या रसायनाची पुस्तके उघडावी लागली. त्यात पहिली भेट झाली ती शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञाशी. १७८६ साली जन्मलेला हा गृहस्थ १८८९ पर्यंत, म्हणजे एकशेदोन वर्षे जगला. चरबीचा साबण होतो तेव्हा नेमके काय घडते, हे त्याने शोधले आणि १८२३ साली ग्रंथरूपाने मांडले. तेल असो की तूप, त्याच्या रेणूचा सांगाडा एकच: ग्लिसरीनचा एक लहानसा कणा, आणि त्याला लोंबणाऱ्या मेदाम्लांच्या तीन साखळ्या. मेदाम्ल म्हणजे कर्बाचे अणू एकापुढे एक ओवलेली माळ, जिच्या एका टोकाला आम्ल असते. खोबरेलाच्या माळा बहुतेक सरळ असतात. त्यांत बारा अणूंच्या माळेचा वाटा सर्वांत मोठा. सरळ माळा लाकडाच्या मोळीप्रमाणे एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून चोवीस-पंचवीस अंशांखाली ते तेल थिजते. तिळाच्या तेलातील बहुतेक माळा अठरा अणूंच्या, लांब. पण त्यांत मध्येच द्विबंध येतो आणि माळ वाकते. वाकड्या काटक्यांची मोळी बांधता येत नाही, म्हणून ते पातळ राहते. देवळातील कोनाड्याचे कोडे येथे सुटले.

तुपाची ओळख आणखी निराळी. त्यात केवळ चार अणूंची एक आखूड माळ असते. जुन्या, खवट लोण्याला जो उग्र दर्प येतो तो हिचा. ही आखूड मेदाम्ले वाफेबरोबर उडतात आणि पाण्यात विरघळतात. पाच ग्रॅम तुपातून ती ऊर्ध्वपातनाने वेगळी काढून त्यांचे माप घेतले की जो आकडा मिळतो त्याला रायशर्ट-मायस्सल अंक म्हणतात. चांगल्या तुपाचा अंक अठ्ठावीसच्या आसपास येतो, खोबरेलाचा सातच्या, आणि इतर बहुतेक तेलांचा एकाहूनही कमी. मात्र सरकी खाणाऱ्या गाईम्हशींच्या शुद्ध तुपाचा अंकही खाली येतो. म्हणून १९५४ च्या भेसळ-प्रतिबंधक कायद्याखालील नियमांत कपाशीच्या मुलखासाठी निराळे माप ठेवले होते. गाईने काय खाल्ले याची दखल घेणारा कायदा आम्हाला तरी दुसरा ठाऊक नाही. वनस्पती तुपाच्या बाबतीत तर कायद्याने अधिकच चतुराई केली. त्यात किमान पाच टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती केली, ती चवीसाठी नव्हे. तिळाच्या तेलात फुरफुराल आणि तीव्र आम्ल मिसळले की लाल रंग येतो. शुद्ध म्हणून विकलेल्या तुपात तो रंग उमटला की वनस्पतीने स्वतःच कबुलीजबाब दिला म्हणून समजावे.

खटल्याचे काम तेवढ्यावर भागण्यासारखे होते. पण एकदा हाती घेतलेले पुस्तक आम्हाला सोडवेना, आणि पुढील प्रकरण शरीराचे होते.

तोवर चरबी म्हणजे साठा, एवढेच आम्ही समजत होतो. ते खोटे नाही. पिठूळ अन्नाच्या एका ग्रॅमातून चार ऊष्मांक मिळतात, तर स्निग्ध पदार्थाच्या ग्रॅमातून नऊ. परंतु साठ्याहून मोठे काम आहे ते भिंतीचे. शरीरातील प्रत्येक पेशीला कुंपण लागते, आणि ते स्निग्ध द्रव्याचे असते. त्या रेणूला माळा दोनच. तिसरीच्या जागी फॉस्फरसयुक्त डोके. डोक्याला पाणी प्रिय आणि माळांना पाण्याचा विटाळ. म्हणून असे रेणू दोन पदरांत उभे राहतात: डोकी बाहेर, माळा आत. १९२५ साली गोर्टर आणि ग्रेन्डेल या दोघा डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतील स्निग्धांश काढून पाण्यावर पसरला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापतो असे त्यांना आढळले, आणि भिंत दुपदरी ठरली. पुढे निष्पन्न झाले ते असे की, त्यांनी स्निग्धांश पुरता काढलाच नव्हता, आणि पृष्ठभागही कमीच मोजला होता. दोन चुकांनी एकमेकींची फेड केली आणि निकाल बरोबर लागला. न्यायालयातही असे घडते. फक्त आम्ही ते बोलून दाखवीत नाही.

आता मुख्य आरोपी. कोलेस्टेरॉल हे नाव, जरा निराळ्या रूपात, शेव्हरलनेच दिलेले; ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'घट्ट पित्त', कारण ते प्रथम पित्ताच्या खड्यांत सापडले. या पदार्थावाचून आपण जगू शकत नाही, हे वाचून आम्ही पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. पेशीच्या त्या दुपदरी भिंतीत कोलेस्टेरॉल मधून मधून बसलेले असते आणि ती फार सैल किंवा फार ताठ होऊ देत नाही. अन्नातील तेलतूप पचविणारी पित्ताम्ले त्याचीच. पुरुषत्वाची आणि स्त्रीत्वाची संप्रेरके त्याचीच. उन्हात त्वचेखाली 'ड' जीवनसत्त्व तयार होते, तेही त्याच्याच सख्ख्या भावंडापासून. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातील सुमारे पंचमांश कोलेस्टेरॉल मेंदूत. आणि यातील बहुतेक आपण खात नाही, शरीरच ते घडविते. यकृत त्यात पुढे असते.

मग आरोप सर्वस्वी खोटा होता काय? तसे म्हणणे ही वकिली होईल. रक्त पाणीदार, स्निग्ध पदार्थ पाण्यात न विरघळणारा. म्हणून तो प्रथिनांच्या वेष्टनात बांधून धाडावा लागतो. यातील एलडीएल नावाची गाठोडी रक्तात फार झाली तर रोहिणीच्या भिंतीत शिरून साचतात आणि वर्षानुवर्षांनी हृदयाची वाट अडवितात, हे आता निर्विवाद आहे. सरळ माळांची मेदाम्ले, म्हणजे तूप आणि आमचे लाडके खोबरेलही, हा आकडा वाढवितात. परंतु गाठोडी उतरवून घेणारे दरवाजे पेशींवर असतात, असे ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी दाखविले (त्यासाठी १९८५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले). ते दरवाजे किती असावेत, हे पुष्कळसे जन्मतःच ठरते. बाबांची रात्रीची गोळी यकृतातील घडण रोखून हे दरवाजे वाढवीत होती. म्हणजे मुख्य काम गोळी करीत होती, आणि डॉक्टरांचे 'थोडे' हे अगदी मोजून दिलेले माप होते. आम्ही जन्मठेपेच्या जागी फाशी दिली.

हे सारे वाचल्यावर आमचे मन बाबांच्या शेवटच्या चार वर्षांभोवती घुटमळू लागले. भात त्यांना कोरडा लागे, म्हणून ते कमी जेवीत. त्यांचे मनगट बारीक झालेले आम्ही पाहिले होते आणि पथ्य पाळले जात आहे म्हणून समाधानही मानले होते.

गेल्या दिवाळीआधी कपाट आवरताना बाबांच्या हिशेबाच्या वह्या सापडल्या. गणिताच्या मास्तरांची वही. प्रत्येक पान जुळलेले. २०१६ पासून दर महिन्याला एक नोंद त्यांच्या रेखीव अक्षरात होती: 'देवाचे तूप, ५०० ग्रॅम'. घरातील तूप बंद झाल्यावर देवघरातील निरांजनापुरते तूप येत असे, हे आम्हाला ठाऊक होते. सवयीने आम्ही आकडेमोड केली. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन फुलवाती, वातीला जास्तीत जास्त अडीच ग्रॅम, महिन्याचे दीडशे. उरलेल्या साडेतीनशे ग्रॅमांचे रोजचे दोन-अडीच चमचे होतात.

वही घेऊन आम्ही देवघरात गेलो. आई कापूस पिंजून वाती वळीत बसली होती. एवढे तूप निरांजनाला लागते का, असे आम्ही विचारले. तिने पान पाहिले, बोट नोंदीवरून फिरविले आणि पुन्हा वात वळू लागली.

"देवाक पावलें," ती म्हणाली.