दिवा लागला, पण...

गेल्या पावसाळ्यात गावच्या चढावर बाबांची जुनी एसयूव्ही रुतली. फोर-व्हील टाकलं, डॅशबोर्डवर दिवा लागला, पण चिखल उडवत होती फक्त मागचीच चाकं.

"ट्रान्सफर केस गेला. बाबा, विकून टाका आता."

बाबा बाजूने वाकून बघत म्हणाले, "अरे, पुढचा शाफ्ट फिरतोय की!"

म्हणजे ट्रान्सफर केस ठणठणीत. घोळ चाकांच्या हबमध्ये. ते लॉक होतात व्हॅक्यूमवर. ट्रॅक्टरने गाडी ओढून घरी आणली, इंजिन चालू ठेवून हबकडची नळी काढली, तोंडाला बोट लावलं. ओढच नाही! नळी वरच चिरलेली. वीतभर रबरात काम झालं.

या गाडीतला दिवा ट्रान्सफर केसपुरतंच सांगतो, चाकांचं नाही. ऑफिसात नुसता लॉग बघून "झालं" म्हणणारा मी गप्प बसलो. विकायचा विषय पुन्हा काढलेला नाही. असो.