मागची भिंत

निबंधाच्या वह्या तपासायचा मला मनापासून कंटाळा आहे. सगळ्या वह्यांत एकच पावसाळा, तोच बेडूक, तेच इंद्रधनुष्य. यात पोरांचा दोष नाही. लिहिलेलं फक्त मॅडम वाचणार, आणि त्याही लाल टिक मारण्यापुरतंच, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून बीड जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत सहावीच्या वर्गाची मागची भिंत मी मुलांना देऊन टाकली. सुतळी ताणली, कपड्यांचे चिमटे आणले. ज्याला जे सुचेल ते त्यानं लिहून लावावं आणि वाचणाऱ्यानं खाली चिठ्ठी लावून उत्तर द्यावं. अट एकच, चिठ्ठीवर नाव पाहिजे.

कल्पना काही नवी नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. दैनिक! माझ्याच्यानं ते झालं नसतं. त्याच काळात, १९२४ च्या सुमारास, फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यात सेलेस्तँ फ्रेने नावाच्या शिक्षकानं वर्गात चक्क छोटा छापखाना आणला. पहिल्या महायुद्धात छातीत गोळी लागल्यामुळे त्याला फार वेळ बोलवत नसे. मुलांनी गावात फिरून यावं, पाहिलेलं लिहावं, स्वतः खिळे जुळवून छापावं आणि ते अंक दूरच्या शाळेतल्या मुलांना पाठवावेत, असा त्याचा वर्ग चाले.

आमची दूरची शाळा म्हणजे उसाचा फड. दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि वर्ग विरळ होतो. काही मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. जाणाऱ्यांच्या दप्तरात मी शाळेचा पत्ता घातलेली पन्नास पैशांची पोस्टकार्डं ठेवली. बरीचशी परत आलीच नाहीत.

आलं त्यातलं पहिलं एका मुलीचं. 'आई पहाटं तीनला उठून भाकरी करती. मी कोपीवर बारक्याला सांभाळते. दुपारी वाढं बांधते. वाढं इकून भाजी येती.' एवढंच. (कोपी म्हणजे फडावरची झोपडी, वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे.) वर्षभर तिच्या निबंधाच्या वहीत यातली एक ओळ आली नव्हती. कार्डाखाली चिठ्ठ्यांची रांग लागली. कोपीत लाईट आहे का? बारका रडला तर काय करते? सगळ्यात जास्त प्रश्न किराणा दुकानदाराच्या पोराचे होते, तो कधी फडावर गेलाच नव्हता. 'इकून'वर एकानं दुरुस्ती सुचवली, तर त्याखाली दुसऱ्याची चिठ्ठी: 'ती आल्यावर तिला विचारून खोडू.' सगळे प्रश्न आम्ही एका पत्रात घालून कारखान्याच्या पत्त्यावर पाठवले. उत्तर आलं, कोपीच्या चित्रासकट. लांबी दिली होती 'दोन उसाएवढी'. मग वर्गात ऊस आणून मोजणं आलंच. तो तास मी भूमितीत धरला.

मात्र भिंतीवर खरी गर्दी जमवली ती एका हिशेबानं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर वाढून टनाला ३६६ रुपये झाला, ही बातमी घरोघरी चर्चेत होती. भागाकार म्हटला की तोंड वाकडं करणाऱ्या एका मुलानं कागद लावला. एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, एक लाख. दिवसाची तोड दोन टन, म्हणजे ७३२ रुपये. उचल फिटायला दिवस किती? १३७. खाली चिठ्ठ्या पडायला लागल्या. आजारपणाचे दिवस कुठं धरलेत? गाडी लवकर आली नाही तर? दोन टन रोज होतात का, माझ्या बापाला विचार. पाठ्यपुस्तकातल्या शाब्दिक उदाहरणावर कुणी अशी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही.

पालकसभेला आलेल्या, उचल देऊन टोळी नेणाऱ्या एका मुकादमानं तो कागद उभ्या उभ्या वाचला. "मॅडम, पोरांना हे कशाला? फाडून टाका," म्हणाले. मी म्हटलं, "भिंत पोरांची आहे, त्यांनाच विचारा." त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला झालेलं सांगितलं आणि कागद ठेवायचा की काढायचा, हे त्यांच्यावर सोडलं. बराच गोंधळ झाला. मुकादमाचा पुतण्या याच वर्गात, त्याचंही म्हणणं होतं की हिशेब अर्धवट आहे, मुकादमाचं कमिशन कुठंय? शेवटी मूळ कागद ठेवून शेजारी दुसरा लावायचा ठरला: कमिशन, आजारपण आणि फडावरच्या दुकानाची उधारी धरून. दुकानदाराच्या पोरानं आकडेमोड तपासायचं काम अंगावर घेतलं.